जी६पीडीचे भारतीय प्रकार स्फटिकरचनेवर बसवायचे आहेत: कोणती फाइल घ्यावी, आणि प्रोटीन रातोरात निकामी का होतं?

कल्याणजंक्शन

मंडळी, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे जी६पीडी, या एन्झाइमचे भारतात जास्त सापडणारे तीन प्रकार माणसाच्या एन्झाइमच्या स्फटिकरचनेवर दाखवायचे आहेत: मेडिटरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा. सोबत केरळ-कल्याणचं प्रोटीन बनवून त्याची स्थिरताही मोजायची आहे. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

१. पीडीबीत (प्रोटीनरचनांच्या सार्वजनिक संग्रहात) १क्यूकेआय, २बीएच९ आणि २बीएचएल अशा तीन जुन्या नोंदी आहेत. यातली कोणती घ्यायची? २बीएच९ उघडली की एकच साखळी दिसते. मग हे एन्झाइम डायमर, म्हणजे दोन साखळ्यांची जोडी, असतं असं जे वाचतो, तो डायमर गेला कुठे?

२. एका जनुकीय रिपोर्टात मेडिटरेनियनसाठी 'सेरीन २१८ च्या जागी फेनिलॲलानिन' असं लिहिलंय. रचनेत २१८ वर सेरीन नाहीच, ॲस्पॅराजिन आहे. फाइल चुकीची की रिपोर्ट?

३. २बीएच९ मध्ये एकाच साखळीला दोन एनएडीपी (या एन्झाइमचा मदतनीस रेणू, म्हणजे कोएन्झाइम) लागलेले दिसतात. यातला खरा कोणता?

४. केरळ-कल्याण बीएल२१ या ई. कोलाय जिवाणूत ३७ अंशांवर बनवलं. हिस टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी) सी-टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी, आहे. निकेल कॉलमवरून उतरल्यावर थोडी ॲक्टिव्हिटी होती. फॉस्फेट बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर डायलिसिस केलं आणि सकाळी जवळजवळ शून्य. नॅनोड्रॉप (प्रकाशशोषणावरून प्रोटीन मोजणारं यंत्र) मात्र भरपूर प्रोटीन दाखवतो.

---

तीन_अँगस्ट्रॉम

आधी दुसरा प्रश्न, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं सगळं चुकीच्या जागी बसेल.

फाइलही बरोबर आहे आणि रिपोर्टही. या जनुकाचे दोन ट्रान्सक्रिप्ट (आरएनए प्रती) वापरात आहेत. एकापासून ५१५ अमिनो आम्लांचं प्रोटीन मोजलं जातं, दुसऱ्यापासून ५४५ चं. दुसऱ्यात सुरुवातीला ३० जास्तीची आहेत. स्फटिकरचना, जुनं सगळं वाङ्मय आणि युनिप्रॉट या प्रोटीन-डेटाबेसची पी११४१३ ही नोंद ५१५ वाल्या क्रमांकाने चालतात. काही रिपोर्ट आणि डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी ५४५ वाल्या क्रमांकाने येतात. म्हणून २१८ मधून ३० वजा करा: सेरीन १८८, हेच मेडिटरेनियन. डीएनएच्या पातळीवर एकीकडे ५६३ आणि दुसरीकडे ६५३ दिसेल, कारण ३० कोडॉन म्हणजे ९० अक्षरं.

मेडिटरेनियनमध्ये ही गफलत लगेच लक्षात आली, कारण २१८ वर सेरीन नव्हतं. ओरिसाही असाच सापडेल: ॲलानिन ४४ चं दुसऱ्या मोजणीत ७४ होतं आणि रचनेत ७४ वर आर्जिनिन आहे. खरा सापळा केरळ-कल्याणमध्ये आहे. तो ग्लुटामेट ३१७ चा लायसिन. लांब मोजणीत तोच ३४७ होतो, आणि आखूड मोजणीतसुद्धा ३४७ वर ग्लुटामेटच बसलंय! म्हणजे तुम्ही बिनधास्त ३४७ बदलाल, सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही, आणि प्रबंधात भलत्याच जागेचं चित्र छापलं जाईल. त्यामुळे क्रमांकावर विसंबू नका, शेजार तपासा. खऱ्या ३१७ च्या आजूबाजूला ३११ पासून असा क्रम आहे: ॲस्पॅराजिन, प्रोलिन, ॲस्पार्टेट, ग्लायसिन, ग्लुटामेट, ग्लायसिन, ग्लुटामेट, ॲलानिन, थ्रिओनिन, लायसिन. खोट्या ३४७ च्या दोन जागा पुढे, ३४९ वर, ट्रिप्टोफॅन आहे. एवढं पाहिलं तरी पुरे.

आता फाइल कोणती. याचं उत्तर तुम्ही काय विचारताय त्यावर आहे.

१क्यूकेआय ही माणसाच्या जी६पीडीची पहिली स्फटिकरचना, २००० सालची, ३ अँगस्ट्रॉमची (हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट). लोक हे विसरतात की ती सामान्य एन्झाइमची नाही. ती कॅन्टन प्रकाराची आहे, आर्जिनिन ४५९ च्या जागी ल्युसिन. तिला 'वाइल्ड टाइप' म्हणून वापरलेले पोस्टर दर परिषदेत एखादं तरी असतं. या रचनेतूनच कळलं की माणसाच्या एन्झाइममध्ये एक जास्तीचा, रचना सांभाळणारा एनएडीपी असतो आणि एन-टोकाचा (साखळीच्या सुरुवातीचा) मोकळा भाग एका डायसल्फाइडने बांधलेला असतो, सिस्टीन १३ ते सिस्टीन ४४६.

२बीएच९ आणि २बीएचएल २००५ च्या. दोन्हींत सुरुवातीची २५ अमिनो आम्लं कापलेली आहेत. सिस्टीन १३ त्यातच गेलं, त्यामुळे तो डायसल्फाइड इथे शोधत बसू नका. २बीएच९ मध्ये एनएडीपी आहे, २.५ अँगस्ट्रॉम. २बीएचएल मध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट आहे, २.९ अँगस्ट्रॉम.

तुमच्या कामासाठी मुख्य फाइल २बीएच९ ठेवा. सब्स्ट्रेट (ग्लुकोज-६-फॉस्फेट) कुठे बसतो एवढं दाखवायला २बीएचएल तिच्यावर चढवा. २बीएचएल एकटी वापरून स्थिरतेबद्दल काही बोलू नका: तिच्यात रचनेचा एनएडीपी अर्धवटच भरलेला आहे आणि त्याच्यावर झाकण घालणारं सी-टोक विस्कळीत आहे. नेमकं जिथे बघायचं तिथेच तिच्यात भोक आहे.

डायमर कुठे गेला? कुठेही नाही. पीडीबीची मूळ फाइल असममित एककाची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याची, असते. स्फटिकाच्या सममितीने उरलेल्या प्रती तयार होतात, म्हणून २बीएच९ मध्ये एकच साखळी लिहिलेली आहे. डाउनलोड करताना 'बायोलॉजिकल असेंब्ली' निवडा, चार साखळ्यांचा टेट्रामर मिळेल. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइलवरूनच करायचं तर ५ अँगस्ट्रॉमच्या आतले सिमेट्री मेट (सममितीने येणाऱ्या शेजारच्या प्रती) काढा आणि नको ते पुसा. असेंब्लीच्या फाइलमध्ये प्रती कधीकधी वेगवेगळ्या 'स्टेट' म्हणून येतात आणि पडद्यावर पुन्हा एकच दिसते. तेव्हा त्या स्टेट वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये फोडा आणि साखळ्यांना वेगवेगळी अक्षरं द्या. अक्षरं सारखी राहिली की पुढचं प्रत्येक गणित बिघडतं.

टेट्रामर मिळाला तरी काम संपत नाही. चारांतल्या कोणत्या दोघी खऱ्या डायमरच्या? टेट्रामर म्हणजे दोन डायमर एकमेकांना टेकलेले. डायमरच्या आतला संपर्क मोठा आणि घट्ट असतो, आणि रचनेचा एनएडीपी त्याच्या जवळ असतो. दोन डायमरमधला संपर्क तुटपुंजा, बहुतेक धन-ऋण भारांचा, आणि वेगवेगळ्या स्फटिकांत थोडा हललेलाही दिसतो. पिसा या साखळ्यांमधले संपर्क मोजणाऱ्या सर्व्हरवर टाकून झाकलेलं क्षेत्रफळ बघा, ज्या जोडीचं जास्त ती जोडी ठेवा.

---

प्रथिनपंडित

एवढा खटाटोप कशाला? अल्फाफोल्डचं (क्रमावरून आकार वर्तवणाऱ्या एआयचं) मॉडेल घ्या. पूर्ण ५१५ ची साखळी, मधे कुठे खंड नाही, आणि कॅन्टनबिन्टनची भानगड नाही.

---

तीन_अँगस्ट्रॉम

पंडितजी, त्या डेटाबेसमधलं मॉडेल एकट्या साखळीचं आहे आणि त्यात एनएडीपी नाही. या एन्झाइममध्ये तेवढंच तर महत्त्वाचं आहे! खिसा रिकामा, शेजारीण गायब, आणि अशा साखळीवर म्युटेशनचा परिणाम काढायचा, म्हणजे जोत्याशिवाय भिंत तपासण्यासारखं. शिवाय विश्वासाचा आकडा ९० च्या वर आहे म्हणून 'बदललेलं' प्रोटीनही तसंच घडी पडेल असा त्याचा अर्थ होत नाही. एक अमिनो आम्ल बदलून पुन्हा मॉडेल काढलं तर बहुतेक वेळा तीच आकृती परत मिळते.

दोन एनएडीपींबद्दल. दोन्ही खरे आहेत, कामं वेगळी आहेत. फाइलमध्ये दोघांचंही नाव एनएपी, म्हणून शेजाऱ्यांवरून ओळखायचे.

पहिला एन-टोकाच्या रॉसमन घडीत (कोएन्झाइम धरणाऱ्या ठरावीक आकारात), म्हणजे साधारण २७ ते २०० या भागात. ३८ ते ४४ चा ग्लायसिन, ॲलानिन, सेरीन, ग्लायसिन, ॲस्पार्टेट, ल्युसिन, ॲलानिन हा तुकडा त्याला धरतो. हा कामाचा एनएडीपी: येतो, हायड्राइड घेतो, एनएडीपीएच होऊन निघून जातो. याच तुकड्याचं शेवटचं ॲलानिन ४४, आणि ओरिसामध्ये नेमकं तेच ग्लायसिन होतं. १९९५ च्या मूळ अभ्यासात ओरिसा प्रकाराचा एनएडीपीसाठीचा केएम (जितका जास्त तितकी पकड सैल) सामान्यापेक्षा पाचपट नोंदला आहे. रचना हातात येण्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी कोएन्झाइमच्या जागेकडे बोट दाखवलं होतं. त्याच अभ्यासात हा प्रकार आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणात आणि शहरी गटांत मेडिटरेनियन, अशी स्पष्ट फाळणीही दिसली होती.

दुसरा एनएडीपी सी-टोकाकडच्या भागात, डायमरच्या सांध्याजवळ. निकोटिनामाइड टायरोसिन ४०१ आणि ट्रिप्टोफॅन ५०९ यांच्यामध्ये, ॲडेनिन आर्जिनिन ४८७ आणि टायरोसिन ५०३ यांच्यामध्ये, फॉस्फेटभोवती लायसिन-आर्जिनिनची गर्दी. हा रासायनिक क्रियेत भाग घेत नाही. तो खुंटी आहे. जिवाणूंच्या जी६पीडीत, उदाहरणार्थ ल्युकोनॉस्टॉकच्या १डीपीजी या रचनेत, तो नाही. म्हणूनच जिवाणूच्या रचनेवर केलेलं जुनं मॉडेलिंग या भागात फसायचं. सततचा हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) करणारे सर्वांत गंभीर प्रकार या खुंटीच्या आणि डायमरच्या सांध्याच्या आसपास दाटीने सापडतात: लायसिन ३८६, आर्जिनिन ३८७, आर्जिनिन ३९३ वगैरे. १९८९ मध्येच अशा काही प्रकारांची ॲक्टिव्हिटी एनएडीपी वाढवल्यावर सुधारते हे पाहून तिथे एनएडीपी बसत असणार असा तर्क झाला होता. तर्क बरोबर निघाला, फक्त तो दुसराच एनएडीपी होता.

---

ऋणभार

वरच्या उत्तरात तिन्ही प्रकारांचं वाचन पूर्ण झालं नाही, म्हणून भर घालतो.

केरळ-कल्याण: 'कल्याण' आणि 'केरळ' ही आधी दोन वेगळी नावं होती, कारण जैवरासायनिक गुणधर्मांवरून ते वेगळे प्रकार मानले गेले होते. १९९२ मध्ये दोघांच्या मुळाशी एकच बदल निघाला, डीएनएत ९४९ व्या जागी जी चा ए. धडा असा की अर्धवट शुद्ध केलेल्या नमुन्यावर मोजलेल्या केएम आणि स्थिरतेच्या आकड्यांवर फार भार टाकू नये. तुमचे आकडे जुन्या तक्त्याशी जुळले नाहीत तर लगेच हबकू नका.

रचनेत ३१७ चा शेजार पाहा: दोन ग्लायसिन, एक प्रोलिन, आणि ३१३, ३१५, ३१७ असे एकाआड एक तीन ऋणभार. तिथे ऋणाचा धन झाला, म्हणजे स्थानिक भारात दोनाचा फरक, आणि ३२० वर आधीच एक लायसिन आहे. कोएन्झाइमची जागा नव्हे, सब्स्ट्रेटचीही नव्हे. त्यामुळे इथे 'खिसा बिघडला' ही गोष्ट रचू नका. ४ अँगस्ट्रॉमच्या आत ३१७ ला कोणता लायसिन किंवा आर्जिनिन धरून आहे का, आणि तो स्वतःच्या साखळीतला की शेजारणीच्या, हे बघा. पण त्याआधी इलेक्ट्रॉन डेन्सिटी (अणू कुठे आहेत हे दाखवणारा प्रयोगातला नकाशा) उघडा. कूट किंवा चिमेराएक्समध्ये २एफओ-एफसी नकाशा १ सिग्मावर लावा. ग्लायसिनबहुल वळणावर लांब साइड चेनला (अमिनो आम्लाच्या बाजूच्या शाखेला) डेन्सिटी नसणं नवलाचं नाही. डेन्सिटी नसेल तर फाइलमधली ती साइड चेन रचना करणाऱ्याने अंदाजाने ठेवलेली असते, आणि तिच्यापासून मोजलेलं २.९ अँगस्ट्रॉमचं 'मीठबंध' अंतर ही निव्वळ कविता. १क्यूकेआय मध्ये अनेक साखळ्या आहेत. एकच परस्परक्रिया सगळ्या साखळ्यांत दिसते का तेही तपासा. एकीत दिसली आणि बाकीच्यांत नाही, तर मजकुरात तसं लिहा.

मेडिटरेनियन: सेरीन १८८. याच्या मागे १७० ते १७४ चा ग्लुटामेट-लायसिन-प्रोलिन हा जपलेला तुकडा, पुढे १९८ ते २०६ चा सब्स्ट्रेट धरणारा तुकडा, त्यात लायसिन २०५. तीन जागा मागे ॲस्पॅराजिन १८५, सात जागा मागे ॲस्पार्टेट १८१. कॅन्टनमध्ये हरवलेलं आर्जिनिन ४५९ सामान्य एन्झाइममध्ये याच दोघांना धरतं. म्हणजे कॅन्टन आणि मेडिटरेनियन क्रमाने २७१ जागा लांब असले तरी एकाच पट्टीला दोन बाजूंनी धक्का देतात. तुमच्या प्रबंधात एकच आकृती टाकायची असेल तर ही टाका. १७२ चा प्रोलिन सिस रूपात आहे हेही त्यात दाखवा, २००५ च्या दोन्ही रचनांत तो तसाच आहे आणि सब्स्ट्रेट व कोएन्झाइम जवळ येण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

पण एक सावधगिरी. मेडिटरेनियनचा ग्लुकोज-६-फॉस्फेटसाठीचा केएम सामान्यापेक्षा कमी नोंदलेला आहे. पकड सैल नाही, उलट घट्ट. तरी तांबड्या पेशीत एन्झाइम उरतच नाही, कारण ते टिकत नाही. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, नवीन प्रोटीन बनत नाही, सुमारे १२० दिवस जुन्यावरच भागवायचं. बाकीच्या पेशी नवं बनवून वेळ मारून नेतात. म्हणून आजार रक्तात दिसतो.

फोल्डएक्ससारख्या प्रोग्रॅमने स्थिरतेतला फरक काढणार असाल तर आधी 'रिपेअर' चालवा, मग म्युटेशन डायमरच्या दोन्ही साखळ्यांत एकदम घाला, निदान पाच वेळा चालवून सरासरी घ्या. हा प्रोग्रॅम एनएडीपी धरत नाही असं समजूनच आकडे वाचा. खुंटीजवळच्या बदलांसाठी ते कमी दाखवतील. आणि एका किलोकॅलरीच्या आतबाहेरच्या फरकावर परिच्छेद लिहू नका.

---

बर्फातली_नळी

चौथ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. तुमच्या कृतीत चार चुका एकमेकींच्या खांद्यावर बसल्या आहेत.

टॅग. सी-टोकाचा. ट्रिप्टोफॅन ५०९ रचनेच्या एनएडीपीवर बसतं हे वर आलंच आहे. त्याच्यापुढे साखळीत सहाच अमिनो आम्लं आहेत, ५१५ ला संपते. तिथेच सहा हिस्टिडिन आणि लिंकर डकवला तर झाकण नीट बसेल ही आशा नको. टॅग एन-टोकाला हलवा. एन-टोक तसंही मोकळंच असतं, २५ कापूनही एन्झाइम चालतं. थ्रॉम्बिनची जागा असलेला पीईटी-२८ए पुरेल.

तापमान. सामान्य प्रकार ३७ अंशांवर कसाबसा निभावतो, अस्थिर प्रकार इन्क्लुजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गोळ्यांत) जातात. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ ते ०.८ झाली की कल्चर बर्फात थंड करा, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), १८ अंश, १६ ते १८ तास. घाई असेल तर २५ अंशांवर ५ तास चालतं, उत्पन्न कमी मिळेल.

डायलिसिस. रात्रभराच्या डायलिसिसने तुम्ही खुंटीच काढून टाकली. सामान्य एन्झाइम तो एनएडीपी बराच घट्ट धरतं, अस्थिर प्रकार धरतीलच असं नाही. लायसिसपासून शेवटच्या नळीपर्यंत प्रत्येक बफरमध्ये १० मायक्रोमोलर एनएडीपी ठेवा. डायलिसिसऐवजी डीसॉल्टिंग कॉलम वापरा, इमिडाझोल दहा मिनिटांत निघतं. फॉस्फेट बफर टाळा, सब्स्ट्रेटच्या फॉस्फेटशी त्याची स्पर्धा नको. ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ८.०, मीठ ३०० मिलिमोलर, ग्लिसरॉल १० टक्के, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ५ मिलिमोलर. लायसिससाठी यातच २० मिलिमोलर इमिडाझोल, उतरवायला २५०. निकेल कॉलमआधी ईडीटीए घालायचं नाही, निकेल निघून जाईल. कॉलमनंतर १ मिलिमोलर चालेल.

नॅनोड्रॉप. एनएडीपी २६० ला जोरात शोषतो आणि २८० लाही बोलतो. त्यामुळे २८० चा आकडा फुगतो. ब्रॅडफर्ड (रंगाने प्रोटीन मोजण्याची पद्धत) करा. आणि २६०/२८० गुणोत्तर १ च्या वर आलं तर ते डीएनए की एनएडीपी हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ॲक्टिव्हिटी मोजायला ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८.०, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, एनएडीपी ०.२ मिलिमोलर, ग्लुकोज-६-फॉस्फेट ०.६ मिलिमोलर, ३४० नॅनोमीटर, ३० अंश. एक मिलिलिटरच्या क्युवेटमध्ये मिनिटाला ०.१ ने शोषण वाढलं तर ०.१ भागिले ६.२२, म्हणजे ०.०१६ युनिट. मिनिटाला ०.०२ ते ०.१ च्या मध्ये राहील इतकं एन्झाइम घाला. ब्लँकमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट सोडून बाकी सगळं. डायल्यूशन साध्या बफरात केलं तर फार पातळ नळीत डायमर सुटू लागतो आणि पाच मिनिटांनी मोजलेला आकडा आधीच्यापेक्षा कमी येतो. डायल्यूशनच्या बफरमध्ये ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए (अल्ब्युमिन प्रोटीन) आणि १० मायक्रोमोलर एनएडीपी ठेवा.

---

कल्याणजंक्शन

खूप आभार. एक शंका: बफरमध्येच एनएडीपी असेल तर एनएडीपीचा केएम कसा मोजणार? आणि ई. कोलायचं स्वतःचं जी६पीडी मधे येणार नाही का?

---

बर्फातली_नळी

केएम: साठ्यात १० मायक्रोमोलर आहे, क्युवेटमध्ये ५०० पट पातळ झाला की ०.०२ उरतो. सामान्य एन्झाइमचा केएम १० मायक्रोमोलरच्या आसपास, त्यापुढे ०.०२ नगण्य. मात्र त्यासाठी डायल्यूशनच्या मधल्या नळीतही एनएडीपी घालून बसू नका, तो वेगळा हिशेबात धरावा लागेल. ती नळी फक्त बीएसएवर ठेवा आणि लगेच वापरा.

ई. कोलायचं: हो, त्याचं स्वतःचं जी६पीडी असतं, झेडडब्ल्यूएफ जनुकाचं. त्यामुळे कच्च्या लायसेटवर मोजलेली ॲक्टिव्हिटी तुमच्या प्रकाराची आहे असं धरू नका. अस्थिर प्रकारात तर ती बहुतांशी यजमानाचीच असू शकते. निकेल कॉलमवर ते धरलं जात नाही, पण ताणून न धुतल्यास मागे राहतं: २० आणि मग ४० मिलिमोलर इमिडाझोलने प्रत्येकी दहा कॉलम आकारमानं धुवा. २',५'-एडीपी ॲफिनिटी कॉलम वापरलात तर यजमानाचं एन्झाइमही त्याला चिकटेल, म्हणून तो दुसरा टप्पा ठेवा. जुन्या पद्धतीत डीएफ२१३ हा जी६पीडी नसलेला जिवाणू वापरतात. पण त्यात टी७ पॉलिमरेज नाही, पीईटी प्लास्मिड त्यात मुकं राहील. टॅक किंवा टीआरसी प्रोमोटरवर जनुक हलवावं लागेल. नियंत्रण म्हणून रिकाम्या पीईटीचं लायसेट त्याच कॉलमवरून न्या आणि त्याच अंशात मोजा.

स्थिरतेसाठी: ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रोटीन, एनएडीपी ०, १०, १०० आणि ५०० मायक्रोमोलर, ३० ते ६० अंशांपर्यंत दर ३ अंशांना २० मिनिटं, मग बर्फ, मग उरलेली ॲक्टिव्हिटी. सामान्य आणि केरळ-कल्याण एकाच दिवशी, एकाच पीसीआर ब्लॉकमध्ये. 'शून्य' एनएडीपीचा नमुना वापराच्या तासभर आधीच डीसॉल्टिंगने बनवा. आदल्या रात्री बनवला तर तुम्ही उष्णता नाही, रात्र मोजत असता.

---

रक्तपेढीमागे

रचनेच्या चर्चेत थोडा वेगळा मुद्दा. जनुकीय रिपोर्टांशी तुलना करणार असाल तर नमुना कधी घेतला ते विचारा. नुकताच हिमोलिसिस होऊन गेलेल्या रुग्णात जुन्या पेशी फुटलेल्या असतात आणि रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) जास्त असतात. त्यांच्यात एन्झाइम ताजं, म्हणून ॲक्टिव्हिटी खोटी 'नॉर्मल' येते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं. हेटरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत बदल असलेल्या) स्त्रियांत एक्स गुणसूत्र निष्क्रिय होण्याच्या वाटणीमुळे आकडा कुठेही पडू शकतो, तिथे म्युटेशन आणि ॲक्टिव्हिटी जुळवण्याचा अट्टहास नको. शिवाय हिमोलायसेटमध्ये पुढचं ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजिनेजही एनएडीपीएच बनवतं. ते वजा केलंय की नाही हे रिपोर्टाच्या पद्धतीत बघा.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुने पाच वर्ग बदलून ए, बी, सी, यू असे केले. जुना वर्ग १ साधारण ए मध्ये येतो, २ आणि ३ एकत्र होऊन बी. तुमच्या तक्त्यात जुने आणि नवे मिसळू नका.

---

कल्याणजंक्शन

२बीएच९ ची असेंब्ली उघडली, पिसामध्ये मोठ्या क्षेत्रफळाची जोडी वेगळी केली. दोन्ही एनएपी वर सांगितलेल्या शेजाऱ्यांवरून ओळखू आले. ३१७ ची साइड चेन मात्र १ सिग्मावर टोकाकडे तुटक दिसते.

---

ऋणभार

मग आकृतीत ती साइड चेन फिकट किंवा तुटक रेषेत दाखवा आणि खाली 'टोकाला डेन्सिटी नाही' असं लिहा. ०.७ सिग्मावर नेऊन पूर्ण दिसते असं दाखवू नका, त्या पातळीवर पाण्यालाही हात-पाय फुटतात. पीडीबी-रीडूवरची पुन्हा रिफाइन केलेली प्रत उतरवून तीच जागा तपासा. तिथेही तुटक असेल, तर ३१७ च्या मुख्य साखळीबद्दल बोला, साइड चेनच्या अंतरांबद्दल नाही.